बोटभर जागा

हंगाम संपला, म्हणून आज गुऱ्हाळाच्या चुलवाणातली जाळी बाहेर काढली. काहिलीखालचा जाळ हिच्यावर पेटतो, राख खाली पडते. आमच्या मालकांच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या, हातची जुनी जाळी खडखडते म्हणून दिराने यंदा नवी करून घेतली होती, प्रत्येक गज दोन्ही टोकांना पक्का वेल्डिंग करून. एका हंगामातच सगळे गज कुबडे झाले.

"एवढं घट्ट करून बी वाकलं कसं हे, वहिनी?"

मालक गजाचं एकच टोक पक्कं करायचे. दुसरं नुसतं खाचेत टेकवायचे आणि पुढे बोटभर जागा मोकळी सोडायचे. "तापलं की लोखंड वाढतंय. त्याला सरकाय जागा नको?" म्हणायचे.

ते गेले तेव्हा जो तो मला सांगत होता, मन घट्ट कर. मी केलं. दोन वर्षं कुणासमोर रडले नाही, गुळाचं एक आदण बिघडू दिलं नाही. बाई खंबीर आहे, असं गाव म्हणतं. चुलवाण पेटतं असताना आतली जाळी कुणाला दिसते?

चिपाडांच्या ढिगामागे जुनी जाळी पडली होती. गंजलेली, पण गज सरळ. ती मोकळी जागा ते स्वतःचं बोट घालून मापायचे. मी माझं घातलं. सैल झालं. त्यांचं बोट केवढं जाड होतं, ते मी विसरलेच होते.

दीर समोर उभा होता. तरी रडले.