फोटो परत करणारे मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजजवळच्या इंटरनेट कॅफेत बसले होते. रविवारची सकाळ होती. दर रविवारी मी तिथे एक फोन नंबर टाकून शोधायचे, त्या दिवशीही तेच करत होते. मामी एवढंच म्हणाली, "संगीता, ये लवकर. मामा उठलेच नाहीत…" मी उठले, पण त्याआधी स्क्रीनवरचा तो नंबर पुसला. अशा वेळीही हात आधी तिकडे कसा गेला, मला अजून कळत नाही. दीड महिना होऊन गेला आता.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. बाकी सगळे त्यांना अण्णा म्हणत. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. दिंडोरीजवळच्या आमच्या गावात आई-वडील द्राक्षबागांमध्ये छाटणीला जातात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही मामांनी मला नाशिकला आपल्या घरी ठेवून घेतलं म्हणून. रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत समाजातल्या स्थळांची पाकिटं उघडली जात. कारखान्यात एखादा पाना स्टोअरबाहेर गेला की तो परत येईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. मुलींच्या फोटोंनाही त्यांनी तोच नियम लावला होता. फोटोच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात कोणाकडे दिला ते लिहायचे, आणि परत आला की त्यापुढे एक खूण. स्थळ जमलं नाही आणि फोटोही आला नाही, तर स्वतः स्कूटर काढून निघायचे. एकदा मुलाकडचे हसून म्हणाले, "अण्णा, एका फोटोसाठी एवढ्या लांब?" मामा म्हणाले, "तुमच्या पोरीचा असता तर बोलला असता का असं?" चहा झाला, आणि मामा फोटो घेऊनच उठले.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला वेब पेज बनवायला शिकवलं. मला फार अप्रूप वाटलं होतं… मीच मामांना म्हटलं, आपली स्थळं इंटरनेटवर टाकू, पुण्या-मुंबईची मुलंही बघतील, तुमच्या खेपा वाचतील. मामांनी एकच प्रश्न विचारला, "बघून झाल्यावर फोटो परत कसा घ्यायचा?" मी हसले. "मामा, द्यायचा नाहीच तो, नुसता दिसतो." ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तुला कळतं." मी अकरा मुलींचे फोटो स्कॅन केले. बायोडेटात जे होतं ते सगळं खाली टाइप केलं : वडिलांचं नाव, गाव, फोन. त्या अकरा घरांपैकी एकालाही विचारलं नाही. विचारायला हवं, हे डोक्यातच आलं नाही.

तीन-चार महिन्यांनी वणीहून वैशालीचे वडील आले. वैशाली डी.एड. करत होती. त्यांच्या घरी फोन नव्हता, बायोडेटावर समोरच्या किराणा दुकानाचा नंबर पी.पी. म्हणून दिलेला होता. कोणीतरी तिचा फोटो आणि तो नंबर आमच्या पानावरून उचलून दुसऱ्याच एका साइटवर लावला होता, आणि खाली जे लिहिलं होतं ते मी इथे लिहू शकत नाही. अनोळखी माणसं दुकानात फोन करून वैशालीला बोलवा म्हणत होती. दुकानदार गल्लीत हाक मारायचा, त्यामुळे सगळ्यांना कळलं. वडील उभ्यानेच म्हणाले, "अण्णा, पोरीचा फोटू परत द्या." मामांनी कपाट उघडून पाकिटातला फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला आणि टेबलावर ठेवला. "ह्यो नाय. त्यो."

मी आत दाराआड उभी होते.

त्याच संध्याकाळी मी आमचं पान काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदार चांगले होते, पण त्यांनाही उमजत नव्हतं. "चोरीला काय गेलं?" "फोटो," मामा म्हणाले. "मग हा हातात काय आहे तुमच्या?" मी समजावायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "यासाठी कायदा झालाय म्हणतात, पण इथे कोणी अशी तक्रार आणलेली नाही. साइट बाहेरच्या देशातली. आणि लावला तर तुम्हीच होता ना आधी?" त्या साइटला मी मोडक्या इंग्रजीत सात मेल पाठवले. एकदा ते पान गेलं, पंधरा दिवसांनी दुकानाचा नंबर टाकून शोधलं, तर तोच फोटो दुसरीकडे सापडला.

वैशालीचं कॉलेज सुटलं. मामा चार वेळा वणीला गेले, निदान परीक्षेला तरी बसू द्या म्हणून. वडील पाणी द्यायचे, बसवून घ्यायचे, पण "लय झालं अण्णा, आता नको" यापुढे काही बोलायचे नाहीत. पुढे तिला सटाण्याला आत्याकडे धाडलं. मी एकदा रडत मामांना म्हटलं, चूक माझी होती. ते म्हणाले, "पाना मी दिला. स्टोअर माझं होतं." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. फक्त रविवारी मी कॅफेतून आले की मान वर करून बघायचे, आणि मी 'अजून आहे' अशी मान हलवली की पुन्हा पाकिटांकडे वळायचे.

मामांचे दिवस झाल्यावर मामी आणि मी कपाट उघडलं. राहिलेले सगळे फोटो आम्ही घरोघर जाऊन दिले, मामीला तेच योग्य वाटलं. शेवटी एक पाकीट उरलं. त्यात वैशालीचा फोटो आणि मामांची बोटभर उरलेली पेन्सिल होती. फोटोच्या मागे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "कोणाकडे : माहीत नाही." पुढे खुणेची जागा मोकळी. मामी म्हणाली, "हा तू ठेव."

गेल्या रविवारी मी तो नंबर पुन्हा टाकून पाहिला. काहीच आलं नाही. त्याच्या आदल्या रविवारीही नाही… घरी येऊन मी पाकीट उघडलं आणि पेन्सिल हातात घेतली. पण शोधल्यावर फोटो सापडला नाही म्हणजे परत आला असं होत नाही. कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर तो असेलच, आणि त्या घरी स्कूटरवर जाता येत नाही. मामांनी ही खूण केली नसती. मी पेन्सिल पाकिटात परत ठेवली.