हलकी टोपली

श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत महिपतचा उकिरडा प्रसिद्ध होता. उकिरडा कसला प्रसिद्ध, असं म्हणणाऱ्याने तो बघितलेला नाही. काठ सरळ कापलेले, आणि उन्हं तापली की सगळं खत अंगणभर पसरून कुरकुरीत वाळवलेलं. दुसऱ्यांच्या ओल्या ढिगांकडे बघून महिपत नाक मुरडायचा. शेतीतलं त्याला कुणी काही शिकवायची सोय नव्हती.

वाळवण्यामागचं कारण मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. घर वर, भाताची खाचरं खाली, आणि मधे गाडी जाणार नाही अशी दगडी पायऱ्यांची पाखाडी. खत जायचं ते बायकोच्या, तुळसाच्या डोक्यावरून. महिपत टोपली भरून उचलून द्यायचा. पुरुषाने डोक्यावर टोपली घ्यायची नाही, असा वाडीचा रिवाज होता, आणि तो मोडायचं त्याला कधी सुचलं नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पण लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ओल्या खताच्या टोपलीखाली तिची मान लटपटताना त्याने पाहिली. दुसऱ्या वर्षापासून तो रोज सकाळी फावडं घेऊन खत उलथू लागला. वाळलं की टोपली हलकी होणार, एवढाच त्याचा हिशेब.

तुळसा एकदा म्हणाली होती, "डोळं झोंबतायत. कायतरी उडून जातंय यातनं. झाकून ठेवू या." तिने सुपारीच्या झावळ्या आणून ढिगावर टाकल्याही.

महिपतने त्या ओढून काढल्या. "डोळं झोंबतात म्हंजे खत जहाल झालंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

ती पुन्हा बोलली नाही. भात जेमतेम आलं की महिपत पुढच्या वर्षी खेपा वाढवायचा. साठाच्या शंभर झाल्या, शंभराच्या दीडशे. अशी पस्तीस वर्षं गेली. गेल्या वर्षी तुळसाच्या गळ्यात पट्टा आला. मणके झिजलेत, डॉक्टर म्हणाले. तिची मान आता वळत नाही की वाकत नाही.

त्याच सुमाराला कृषी महाविद्यालयात संशोधन करणारी प्रांजली वाडीत आली. साठवलेल्या शेणखतातला किती नायट्रोजन हवेत जातो, हे चार देशांत एकाच पद्धतीने मोजायचं होतं. तिने महिपतच्या अंगणात तीन ढीग घातले. एक उघडा, एक ताडपत्रीखाली, एक सुका पाला मिसळून कुजवलेला. दर गुरुवारी ढिगांवर डबे पालथे घालून ती आतली हवा बाटल्यांत ओढून घ्यायची. महिपत हौसेने बाटल्या धरायचा, आणि उघडा ढीगच पहिला येणार, असं सगळ्यांना ठणकावून सांगायचा.

निकाल सांगायला प्रांजलीने शेतकऱ्यांना माणगावला बोलावलं. भिंतीवर तक्ता लागला. डेन्मार्क, केनिया, व्हिएतनाम, भारत. पट्टी जेवढी उंच, तेवढा नायट्रोजन हवेत गेलेला. झाकलेल्या ढिगाची पट्टी चारही देशांत बुटकी. उघड्या ढिगाची सगळ्यांत उंच पट्टी आपली.

"आपलीच गुरं काय वंगाळ हायत?" महिपत जरा फणकाऱ्यानेच म्हणाला.

"गुरांचा दोष नाही, काका. डेन्मार्कात थंडी, बाकी दोघांकडे ढीग सावलीत. आपल्याकडे उन्हात पडलेलं खत. युरियाच्या गोणीत जे असतं, तेच यातून जातं. निम्मं गेलंय."

"आन् मुद्दाम पसरून वाळवलं तर?"

"मग तर आणखीच. डोळे झोंबतात ना, ते त्यानेच."

महिपत खाली बसला. परतीच्या गाडीत तो हिशेब मांडत बसला. निम्मं गेलं, म्हणून खेपा वाढल्या. खेपा वाढल्या, म्हणून मान गेली. न सांगताही चाललं असतं. तुळसा कधी माणगावला जाऊन तक्ता बघणार नव्हती. हा विचार मनात आला याचीही त्याला लाज वाटली.

तुळसा ओट्यावर तांदूळ निवडत होती. वाकता येत नाही म्हणून सूप पालथ्या घमेल्यावर ठेवलं होतं. महिपत तिच्या बाजूला टेकला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

तुळसाचा हात थांबला. "म्हंजे निम्म्या खेपा उगाच व्हत्या?"

"व्हय."

तिने गळ्यातला पट्टा जरा सैल केला.

"तुला हलकं व्हावं म्हून वाळवत व्हतो गं," तो म्हणाला.

"ठाव हाय मला."

"कधीपास्नं?"

"दुसऱ्याच वर्षी कळलं. टोपली डोक्यावर दिली की तुमी माझ्या मानंकडं बघायचात." ती खडे वेचू लागली. "खतातला कस जातोय ते भातावरनं दिसत व्हतं मला. पन तुमी रोज माझ्यापायी उन्हात उभं. मग मी कुठल्या तोंडानं बोलायचं?"

महिपतला रडू फुटलं. तुळसाला मान वळवून त्याच्याकडे बघता येईना. मग तोच उठला आणि तिला दिसेल असा समोर जाऊन बसला.