पोहोचल्याचा कागद

कोणताही कागद हातात आला की स्टोअरअण्णा तो लगेच वाचत नसत. खुर्चीतून उठून खिडकीशी जात आणि उजेडासमोर धरत. तारीख खरडून बदललेली असेल तर तेवढ्या जागी कागद पातळ होतो आणि उजेड जास्त येतो, असे त्यांचे शास्त्र होते. द्रावणातून किती प्रकाश आरपार जातो हे मोजणारे परदेशी यंत्र आमच्या प्रयोगशाळेत होते. अण्णांकडे पूर्वेची एक खिडकी होती. दोन्हींचे तत्त्व एकच, हे मान्य करायला मला फार वर्षे लागली.

अण्णा आमच्या भांडाराचे प्रमुख. घराणे कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचे. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतके मुरलेले की एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे त्यांनाही सांगता आले नसते. मी धारवाडहून एम.एस्सी. होऊन आले तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीपेक्षाही लहान होते, तरी पहिल्या दिवसापासून ते मला ‘अक्का’ म्हणत. त्यात आदर किती आणि चिमटा किती, याचे पृथक्करण मला कधी जमले नाही.

आत येणाऱ्या मालाचे कागद सगळेच तपासतात. अण्णा बाहेर जाणाऱ्या कचऱ्याचे तपासत, आणि अधिक कसून. फुटकी काचपात्रे, गंजलेले सांगाडे, मुदत संपलेल्या रसायनांच्या बाटल्या नेण्यासाठी मुनियप्पा नावाचा कंत्राटदार बैलगाड्या घेऊन येई. अण्णा त्याला फाटकातच थांबवत. नगरपालिकेचा परवाना मूळच हवा, नक्कल चालत नसे. गाडीवर ठोकलेल्या पत्र्याचा क्रमांक परवान्याशी ताडून होई. माल येलहंक्याच्या अलीकडच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत ओतला जाई, म्हणून त्या जागेच्या मालकाची संमतीची चिठ्ठी लागे. मग हमालांची नावे अंगठ्यांसह, आणि कोणाला इजा झाली तर उपचार कोण करील याची लेखी हमी.

“अण्णा, कचराच आहे ना हा?” मुनियप्पा वैतागून म्हणे.

“सोनं असतं तर विचारलं नसतं. सोनं कुठे गेलं ते लोक आपणहून शोधतात. हे कोण शोधणार, तुझा बाप?”

‘कचरा टाकला’ हा प्रयोग त्यांना सहन होत नसे. कचरा ‘पाठवला’ म्हणायचे, आणि पाठवलेल्या वस्तूची पोच यायला हवी. गाड्या रिकाम्या होऊन परतल्या तरी खाणीवरच्या राखणदाराच्या अंगठ्याचा कागद हाती पडेपर्यंत ते घरी जात नसत. आम्ही तरुण मंडळी हसत असू. मी तर एकदा तोंडावर म्हणाले, “अण्णा, बैलांचा जन्मदाखला मागायचा राहिला.”

“बैल खोटं बोलत नाही, अक्का,” ते शांतपणे म्हणाले. “त्याचा कागद नको.”

त्या वर्षी मला परदेशी शिष्यवृत्तीची शक्यता दिसू लागली होती. त्यासाठी मोजमापांची एक मालिका पुरी करून पाठवायची होती, त्या मोजमापांसाठी नवे यंत्र उभारायचे होते, आणि यंत्राच्या पेट्या व्हरांड्यात पडून होत्या. कारण मला मिळालेली खोली जुन्या सामानाने आणि बाटल्यांनी छतापर्यंत भरलेली होती. मुनियप्पाचा परवाना नेमका मार्चअखेर संपला होता. “स्वल्प थांबा,” अण्णा म्हणत, “परवाना येऊ दे.” मी तीन आठवडे थांबले. चौथ्या आठवड्यात अण्णा मेहुण्याच्या तेराव्यासाठी दोन दिवस कोलारला गेले.

मी रस्त्यावरून जाणारी एक रिकामी लॉरी थांबवली. कागदांचा विषय निघताच चालक हसला. “अम्मा, तुम्हाला कागद हवाय की मोकळी खोली?” मला खोली हवी होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याला “पास मागाहून देते” असे सांगून मी लॉरी बाहेर काढली. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली, संध्याकाळपर्यंत पहिली पेटी उघडली. मी स्वतःवर अत्यंत खूश होते.

तिसऱ्या दिवशी अण्णा दारात येऊन उभे राहिले. यंत्राकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

“कुठे गेला?”

“गेला, अण्णा. संपलं एकदाचं.”

“एल्लि?” या वेळी त्यांनी कानडीत विचारले. ते रागावले की मराठी त्यांना पुरत नसे.

मला लॉरीचा क्रमांक ठाऊक नव्हता. चालकाचे नावही नाही.

“बाटल्यांत काय होतं?”

ते मात्र मी तपशीलवार सांगितले. तीव्र आम्ले, पारा, चिठ्ठ्या गळून पडलेल्या कित्येक कुप्या. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला.

“प्रयोगात एक थेंब कमी भरला तर रात्रंदिवस शोधता,” अण्णा म्हणाले, “आणि अख्खी लॉरी हरवली. चला.”

दोन दिवस आम्ही बसने फिरलो. अण्णांचा उजवा गुडघा दुखरा होता. प्रत्येक थांब्यावर ते हाताने पाय उचलून खाली ठेवत आणि चहाच्या टपरीवर लॉरीची चौकशी करत. आपल्याआधी कोणी बाटली उघडली तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी येलहंक्याच्या पुढे एका कोरड्या तळ्याच्या काठावर आमचा ढीग सापडला. त्याच्याजवळ काच वेचून विकणारी चिन्नम्मा बसली होती. उजव्या हाताला ओला फडका गुंडाळलेला. दोन बोटे खोलवर भाजली होती.

कातडीवरच्या पिवळ्या डागावरून ते कोणते आम्ल हे मी पाहताक्षणी ओळखले. माझ्या शिक्षणाचा त्या दिवशी झालेला उपयोग एवढाच. अण्णा तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि आधी त्यांनी तिचे नाव विचारले. मग तिला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. ढीग दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः उभे राहून उचलवून घेतला.

घडले ते सगळे मी एका कागदावर लिहिले, खाली सही केली आणि संचालकांसाठी म्हणून अण्णांच्या हातात दिले. त्यांनी तो सवयीने उजेडासमोर धरला. “सरी, ठीक आहे,” म्हणाले आणि घडी घातली.

संचालकांचे बोलावणे आज येईल, उद्या येईल, अशी मी वाट पाहिली. ते आले नाही. महिन्याने शिष्यवृत्तीचे पत्र आले. त्याच महिन्यात अण्णांची बदली भांडारातून ग्रंथालयाच्या तळघरात, पुस्तकबांधणीकडे झाली. वय झाले म्हणून, असे मी धरून चालले. प्रत्येक निरीक्षणाचे कारण विचारणाऱ्या मी या एका निरीक्षणाचे कारण विचारले नाही. विचारायचे नव्हते, हेच खरे.

निघताना ते फाटकापर्यंत आले. “पोहोचल्याचं पत्र टाका, अक्का.” मी एका इमारतीचे चित्र असलेले कार्ड पाठवले. त्यावर दोन ओळी होत्या.

तीन वर्षांनी परतले तेव्हा अण्णा नव्हते. आदल्या हिवाळ्यातच गेले होते. आता विभाग माझ्याकडे आहे, आणि त्याचा कचराही. गेल्या आठवड्यात नव्या कंत्राटदाराकडे मी परवाना, जागामालकाची चिठ्ठी, हमालांची नावे, इजेची हमी आणि पोच असे सगळे मागितले. मी ज्या नजरेने अण्णांकडे पाहत असे, त्याच नजरेने तो माझ्याकडे पाहत होता. नमुना दाखवावा म्हणून मी भांडारातून जुनी फाईल मागवली.

तीत माझ्या लॉरीचा फाटक-पास होता. माल पाठवणाऱ्याच्या जागी अण्णांची सही. तारीख त्या दिवशीची, ज्या दिवशी ते कोलारला तेराव्याच्या पंगतीत बसले होते. मी उठून खिडकीशी गेले. तारखेच्या जागी कागद पातळ होता. हाताने सवयीने आधी खरीच तारीख लिहिली असावी. मग ती खरडावी लागली.

पासच्या मागे एक पाकीट डकवलेले होते. आत माझा कबुलीचा कागद, जसाच्या तसा. अण्णांनी आयुष्यात कागद फाडला नव्हता, माझाही फाडला नाही. पाकिटावर त्यांच्या अक्षरात दोनच शब्द होते: ‘गरज पडल्यास’. खाली दवाखान्याच्या चिठ्ठ्या, जखम भरेपर्यंतच्या, प्रत्येकीवर चिन्नम्माचा डाव्या हाताचा अंगठा.

मी माझा कागद पाकिटातून काढून पासच्या वर टाचला आणि फाईल घेऊन संचालकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने धूळ झटकली.

“फार जुनं आहे, मॅडम. अण्णाही गेले बिचारे. आता कशाला?”

“आवक वहीत लिहा,” मी म्हणाले, “आणि मला पोच द्या.”

त्याने कंटाळून सही केली. ती पोच पर्समध्ये ठेवण्याआधी मी त्याच्या खिडकीशी जाऊन उजेडासमोर धरली.