पोचलास का?

मी गाव सोडलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या खिडकीशी उभे होते. निरोपाचं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "पोचल्यावर फोन कर," हेच गाडी हलेपर्यंत पुन्हा पुन्हा. आयटीआय झालेल्या पोराला चाकणच्या कंपनीत काम लागलंय, तर त्यात एवढं डोळे ओले करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

पुढं दर खेपेला गावाहून परतलो, की निगडीच्या घरी बॅग उतरवतोय तोवर त्यांचाच फोन. "पोचलास का?" "पोचलो." "जेवलास का?" "जेवतो." "ठेवतो मग." वर्षानुवर्षं एवढंच. माझा फोन सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड करायचा, मी कधी बंद केलं नाही. औंदा दिवाळीच्या आधी आबा गेले. आता त्यांचा आवाज त्या एका फोनात उरला, आणि त्या फोनाची बॅटरी फुगून पाठ उचकटलेली. कधी जीव सोडेल नेम नाही. केबल लावावी तर पिन ढिली.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं इकडं बटण दाबलं की कामं होतात. कपाळ! माझा मेहुणा पिंपळे सौदागरला राहतो, माणच्या बाजूला आयटीत आहे. तो म्हणाला, "दाजी, दोन मिनिटांचं काम. घरच्या कॉम्प्युटरवर सिंकचं सॉफ्टवेअर टाका, फोनातलं सगळं वायफायवर त्यात येतं." लिंक पाठवली आणि मीटिंगला पळाला. यांच्या मीटिंगा कधी संपत नाहीत, आणि त्यातून काही निघाल्याचंही मी ऐकलं नाही.

सॉफ्टवेअर उघडलं, तर म्हणतंय, तुमचं आयुष्य एका जागी आणा. माझं निम्मं आयुष्य तिकडं, निम्मं इकडं. मला वीस वर्षांत जमलं नाही ते हे शहाणं फुकटात करणार होतं! आधी ईमेल मागितला, मग पासवर्ड. तो दिला तर दुबळा आहे म्हणे. मग म्हणालं, फोनचा कॅमेरा स्क्रीनवरच्या चौकोनावर धरा. धरला. नुसता काळोख. बंद केलं, चालू केलं, काढून पुन्हा टाकलं. त्या सॉफ्टवेअरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, मेहुण्याच्याही. मेहुणा बायकोचा सख्खा भाऊ, म्हणून ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. फोन हातात घेऊन उलटा केला.

"अहो, माझ्या भावाला काय बोलताय? हे कंपनीचं स्टिकर आधी काढा की!"

आमच्या गेटवर सिक्युरिटीवाला रोज फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतो, आत फोटो काढू नयेत म्हणून. उद्या पुन्हा लावणारच, म्हणून आम्ही ते काढतच नाही. इतकी सवय, की आपला कॅमेरा झाकलेला आहे हे डोक्यातूनच गेलेलं.

मग हिरवी खूण आली. सगळं सिंक झालं म्हणे. बघतो तर काय, गुड मॉर्निंगची गुलाबं आली, सोसायटीच्या पाणीबंदच्या नोटिसा आल्या, शिफ्टच्या तक्त्यांचे फोटो आले. आबा नाहीत. शोधता शोधता तळाला एक बारीक चौकोन सापडला, 'इतर फाइली', त्यावर टिकच नव्हती. आबा 'इतर'मध्ये होते! गुलाबं महत्त्वाची, आणि माझा बाप इतर. थुत् तुमच्या अकलेवर.

टिक केली. फाइली एकेक करून आल्या आणि शेवटची येईतो फोन विझला, तो कायमचाच. पण आबा आले होते.

माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, तुमचं काय होतं मला माहीत नाही. निगडीत माझा फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. तरी हल्ली गावाहून आलो, की बॅग हातात धरून दाराशी उगाच थांबतो. फोन वाजत नाही, आणि घरी आल्यासारखं वाटत नाही.

पहिली फाइल लावली. "पोचलास का?" आबांनी विचारलं. कॉम्प्युटरमधला मी घाईघाईनं म्हणालो, "पोचलो."

खुर्चीतल्या मला तेवढं म्हणता आलं नाही. "न्हाई आबा," मी म्हणालो, "अजून न्हाई."