लेकीच्या बायोडाट्यातली खालची ओळ

गारखेड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी झाडलोट करते आणि पुस्तकांना स्पायरल लावून देते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच. तिथले शब्द मला कानानं आले. उभं पान म्हणजे पोर्ट्रेट, आडवं म्हणजे लँडस्केप, दोन्ही बाजूंनी छापलं की बॅक टू बॅक. डावीकडं सोडतात ते मार्जिन. ते कमी पडलं की माझ्या मशीनची भोकं अक्षरांतच पडतात, म्हणून तेवढं मी बघून घेते. बाकी कॉम्प्युटरवर काय चालतं त्यात मी तोंड घालत नाही. एकूणच कमी बोलते. संध्याकाळपर्यंत बोलायचं त्राणही राहत नाही.

पानाच्या तळाला लिहितात ते फूटर. हा शब्द मात्र लेकीमुळे पक्का झाला.

लेकीचं लग्न एकदा झालं होतं. ते टिकलं नाही. कोर्टाचा कागद हातात आला आणि ती चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिचे वडील नाहीत, म्हणून पुन्हा स्थळं बघायचं माझ्या मोठ्या भावानं मनावर घेतलं. बायोडाटा त्यानंच कुठून तरी करून आणला. वर गणपती, कोपऱ्यात फोटो, मग जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी. त्याखाली मामांची सगळी माहिती: बागायती शेती, ट्रॅक्टर, सोसायटीचे माजी चेअरमन. आणि अगदी तळाला, फूटरात, मुंगीएवढ्या अक्षरांत 'घटस्फोटित'.

"दादा, हे दिसतच नाय," मी म्हटलं.

"लिहिलंय ना? मग झालं. उद्या कोणी म्हणायला नको, लपवलं म्हणून."

वेरूळकडची माणसं ते मोबाईलवर बघून आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं लेकीला जवळ बसवून घेतलं. त्यांना सगळं ठाऊक आहे असं समजून लेक सरळ बोलली, "मागच्या घरी मला नोकरी सोडायला लावली. आता मी सोडणार नाय."

ती बाई म्हणाली, "मागचं घर? कोणतं मागचं घर?"

दादानं मोबाईल काढला, दोन बोटांनी पान ताणत ताणत ती ओळ मोठी केली आणि पुढं धरली. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावून वाचलं.

"पाव्हणं, दवाईच्या बाटलीवर असतं तसं लिहिलंय की हो हे."

ते उठले. वाईट काही बोलले नाहीत. पण मघाशी लेकीचा हात हातात घेतलेली ती बाई चपला घालताना तिच्याकडं बघेना.

लेकीनं कपबशा विसळल्या. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "आई, ती ओळ वर येत नाय तोवर मी कोणापुढं बसणार नाय. मी काय चोरी केली का?"

दादानं तर पुढच्या रविवारचं स्थळ ठरवूनही टाकलं होतं. त्यांना तोच कागद जायचा होता. त्याला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. आणि दुसरीकडं कागद बदलून घ्यायचा तर मला माहीत असलेलं दुकान एकच. तिथं लेकीचं कोणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

कॉम्प्युटरवर बसणारी बाई माझ्याहून पुष्कळ लहान, तरी मी तिला ताई म्हणते, ती मला मावशी. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी मोबाईल तिच्यापुढं ठेवला आणि झाडू हातातच धरून उभी राहिले. तिनं खालपर्यंत वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही, ते बरं केलं. सगळं नव्यानं टाईप केलं आणि मग विचारलं, "मावशी, ही फूटरातली ओळ कुठं घेऊ?"

"जन्मतारखेखाली."

"साइज?"

"बाकीच्याएवढाच."

"बोल्ड करू?"

जाड अक्षर मला नको वाटलं. पोरीच्या गळ्यात पाटी अडकवल्यासारखं दिसलं असतं. "नको," मी म्हटलं. "उंची जशी लिहिली, नोकरी जशी लिहिली, तसंच."

तिनं लिहिलं: पहिला विवाह, घटस्फोट, अपत्य नाही. मग प्रिव्ह्यू उघडला तर पुढं दुसरं पान निघालेलं. कोऱ्या पानावर एकटे सोसायटीचे माजी चेअरमन.

ताईला हसू आलं. "मावशी, मामा पानाबाहेर गेले."

स्पेसिंग कमी करून बघितलं, तर ओळी एकमेकींच्या अंगावर आल्या. "गणपती लहान करू?"

"देवाला हात नको लावू."

"फोटो?"

"त्यात ती हसलीये. राहू दे."

"मग ट्रॅक्टर काढू का? पोरीला ट्रॅक्टरवर बसवून पाठवायचंय का?"

दादानं आमचं लई केलंय. माझे मिस्टर गेले तेव्हा धान्याची पोती त्यानंच आणून टाकली होती. तरी मी म्हटलं, "काढ. चेअरमनपण काढ." 'मामा: शेती' एवढंच उरलं. एका पानात बसलं.

दादाला ते पाठवलं, तर तो संध्याकाळी गाडी काढून घरीच आला.

"माझं सगळं कुठं गेलं?" मग वरची ओळ त्याच्या नजरेला पडली. "अगं, हे असं वरच लिहिल्यावर कोण येईल?"

"नाय आलं तरी चालंल. पोहे खाऊन उठून जाणारे नकोत."

त्याच्यापुढं एवढं मी पहिल्यांदाच बोलले.

"मग तुमचं तुम्ही पाठवा," तो म्हणाला. रविवारच्या स्थळाचा नंबर मात्र देऊन गेला.

लेकीनं नवा कागद पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रविवारी कोणी आलं नाही. मी पोहे भिजवले नाहीत, तिला साडी नेसायची नव्हती. जेवून ती आडवी झाली ती झोपलीच, मीही शेजारी पडले. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"आलं का काही त्यांचं?"

"नाय."

"अजून एक हाय. पैठण रोडचं. हा नवा कागदच पाठवू का?"

"ती उठली की विचारते," मी म्हटलं, आणि तिला उठवलं नाही.