अक्काचा सेल

"फुगलं असंल बघ," असं म्हणत अक्का स्टूल पुढं ओढायची, आणि प्रयोगशाळेतल्या आम्हा सगळ्यांना कळायचं, की बॅटरीचा आणखी एक सेल गेला.

संशोधन करणाऱ्या आम्हा पोरांत ती मोठी, म्हणून अक्का. शाहूवाडीकडची. कोल्हापुरातल्या पुष्कळ मुलींप्रमाणे "मी आलो, मी जातो" असंच बोलायची. पुण्याचे पाहुणे प्राध्यापक दचकायचे. गावच्या गिरणीतून ती भाताची तुसं पोत्यानं आणायची, जाळायची आणि त्या राखेतून बॅटरीच्या अ‍ॅनोडसाठी सिलिकॉन काढायची.

पोतं बघून शिपाईमामा विचारायचे, "म्हस कुठं बांधलीया, मॅडम?"

"आत या की, धार काढून देतो!"

सिलिकॉनचं दुखणं तुम्हीही बॅटरीवाले असाल तर ठाऊक असेल. चार्ज होताना ते लिथियम पोटात घेतं आणि बेसुमार फुगतं, रिकामं होताना आक्रसतं, आणि असं होता होता तडकतं. अक्का त्याला कार्बनचा लेप देऊन बघत होती. पुन्हापुन्हा चार्ज करूनही सेल टिकतो, एवढंच तिला दाखवायचं होतं. त्यावर तिचा प्रबंध अडला होता.

त्यात भारनियमन. चाचणी जरा रंगात आली की लाइट जायची आणि सगळं पहिल्यापासून. बॅटरी करणारीलाच वीज नाही, म्हणून सुरुवातीला आम्ही हसलो. पुढं हसायचाही कंटाळा आला.

"सेल दमला का मी दमलो, कळंना झालंय," ती म्हणायची. चेहरा खरंच ओढलेला असायचा.

शेवटी इन्व्हर्टर आला, आणि तिचा एक सेल चालला. चालतच राहिला. अक्का सकाळी आल्या आल्या आधी चाचणीच्या यंत्राचा पडदा बघायची. "हाय की अजून!"

नेमकी तेव्हाच, चाचणी अर्ध्यावर असताना, तिची फेलोशिप संपली. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये तिनं शिकवायची नोकरी धरली. यंत्र एकच होतं, आणि पुढची पाळी माझी होती.

"राहू दे की अक्का, मी थांबतो."

"आनि तुझं कवा व्हायचं? हितंच म्हातारा हो माझ्यासारखा!"

तिनं स्वतःच वायरींचे चिमटे काढले.

"गेला न्हाय त्यो. मी काढला. एवढं ध्यानात ठेव."

क्लासची वेळ झाली होती. ती गेली, आणि प्रबंधाला तिनं पुन्हा हात लावला नाही. माझा सेल थोड्याच दिवसांत तडकला. अक्काचा किती टिकला असता, ते कुणालाच कळलं नाही.