खोडलेलं नाव

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही जयपूरला आलो आणि मी मुरलीपुऱ्यातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवायला लागले. मी साताऱ्याची, यादी आडनावावरून करायची सवय. इथे निम्म्या मुलींना आडनावच नाही, नावापुढे नुसतं 'कुमारी'. अंतर्गत परीक्षेचे गुण भरताना एकच नाव दोनदा दिसलं. दुबार आलंय समजून मी एक खोडून टाकलं. मला मेलीला वडिलांचं नाव बघायची बुद्धी झाली नाही!

निकालात ती मुलगी गैरहजर, म्हणून नापास. बी.एड.च्या प्रवेशाला पंधरा दिवस राहिलेले. वर्ष गेलं तर घरचे पुढे शिकवतीलच याची तिला खात्री नव्हती.

मी तडक विद्यापीठ गाठलं. परीक्षा विभागातल्या बाबूंनी अर्ज न वाचताच परत सरकवला. "मॅडमजी, शिक्षकांचं आम्ही घेत नाही. कॉलेजकडून पाठवा." विद्यापीठाला कॉलेजं तेवढी दिसतात, माणसं नाहीत. प्राचार्यांच्या सहीशिवाय मी तिथे कोणीच नव्हते.

आणि प्राचार्य सही देईनात. चूक कबूल केली की विद्यापीठ खुलासा मागणार, आणि कॉलेजची संलग्नता पुढे चालू ठेवायची की नाही हे बघायला समिती पुढच्याच महिन्यात यायची होती. "एका वर्षाचाच तर प्रश्न आहे," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, वर्ष तिचं आहे. तुमचं नाही, माझंही नाही." आणि त्यांच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी तर डबा घेऊनच गेले.

शेवटी त्यांनी अट घातली. चूक कॉलेजची नाही, माझ्या एकटीची, असं लिहून द्यायचं. हात्तिच्या, खरंच तर होतं! दिलं लिहून. मग पत्रावर सही झाली, शिक्का बसला, जावक क्रमांक पडला. तोच मजकूर, तेच बाबू, पण या खेपेला ते कागद घेऊन स्वतः उठून आत गेले. परीक्षा समितीने तिचे गुण धरले. मला मात्र दोन वर्षं परीक्षेच्या कामातून वगळलं. लागलं मनाला, खोटं कशाला बोलू?

नवी गुणपत्रिका घेऊन मुलगी धावत आली. प्राचार्यांनी तिला सांगितलं होतं, चूक विद्यापीठाची, मॅडम तुझ्यासाठी भांडल्या. ती माझ्या पाया पडायला वाकली. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"विद्यापीठाने नाही ग," मी म्हटलं. "तुझं नाव मी खोडलं होतं."

ती वाकता वाकता सरळ उभी राहिली. माझ्याकडे नीट बघितलं, आणि नमस्कार न करताच निघून गेली.